तेवढा कोपरा पुसून टाक

"थांब, थांब. मागचा दाखव परत," मॅडम म्हणाल्या.

मी मागचा फोटो पुन्हा स्क्रीनवर आणला. तीन दगडांची चूल. काळं पडलेलं पातेलं. शेजारी उकिडवी बसलेली एक बाई. फोटो काढणाऱ्याकडे बघून मनापासून हसणारी.

"कातकरीण," मॅडम म्हणाल्या. "ओळखायला काय लागतंय? तीन दगड मांडले की झालं यांचं मॉड्युलर किचन."

कुंदाताई हसल्या. त्यांच्या तोंडात बटाटेवडा होता. हसताना त्याचे कण टेबलावर उडाले, दोन-चार माझ्या कीबोर्डवर पडले. भाऊही हसले. फोटोतली बाई हसतच होती. तिला काय माहीत.

"हां, पुढचा."

मी पुढचा दाखवला.

रोह्यातल्या एका प्रिंटिंग प्रेसमध्ये मी तेव्हा डिझाइनचं काम करायचे. भाऊ म्हणजे प्रेसचे मालक. मॅडम एका महिला मंडळाच्या अध्यक्ष आणि कुंदाताई सेक्रेटरी. मंडळाचं कॅलेंडर दरवर्षी आमच्याकडे छापायला यायचं. त्या वर्षीचा विषय होता 'आमच्या घरचा रोजचा स्वयंपाक'. पेण-रोह्याकडच्या बायकांकडून मोबाईलवर फोटो मागवले होते. निवडलेल्या फोटोखाली त्या बाईचं पूर्ण नाव छापणार होते. निवड निःपक्षपाती व्हावी म्हणून नावं बाजूला ठेवून नुसते फोटो बघायचे, असं मॅडमनीच ठरवलं होतं. भाऊंना ते फार आवडलं होतं. "आपल्याकडं भेदभाव नाही," असं ते मला दोनदा म्हणाले होते.

नावं खरोखरच बाजूला ठेवलेली होती. पण त्यांना नावांची गरजच पडली नाही. फोटो बघून घर कुणाचं ते ओळखायचा खेळ सुरू झाला होता आणि त्या दोघी त्यात तरबेज होत्या. भांडं बघायच्या, हात बघायच्या. भिंतीवर काय टांगलंय, बाई बसलीय कशी, पदर कुठल्या खांद्यावरून आलाय. कुणी शिकवलं असेल हे त्यांना? कुणी नाही. त्यांच्या घरात ते पाण्यासारखं येत असणार.

"हे बघ. कोपरापर्यंत सोनं आणि पुढ्यात सुकटीची टोपली. आगरी. जमीन दिली असणार कंपनीला."

"आणि हे मोहल्ल्यातलं. देगची बघ केवढी. मागे खजुराचा डबा, दुबईचा. नवरा तिकडं आणि ही इथं बिर्याणी ढवळतेय."

"बिर्याणी कुठंय?" भाऊ म्हणाले. "वरणभात दिसतोय मला."

"ते काय रोज वरणभात खातात का? फोटोपुरता केला असेल."

एका फोटोत तव्यावर सुके बोंबील भाजत होते. कुंदाताईंनी नाकाला पदर लावला. फोटोला वास येत नाही. तरी लावला. तो फोटो जाईपर्यंत काढला नाही.

 समोर प्लेटमध्ये तेलकट वडे होते, चहावर साय धरली होती, आणि त्या दोघी एकेका बाईचं स्वयंपाकघर उघडून, हुंगून, खाली टाकत होत्या. तोंडं मात्र चालू. चावणं आणि बोलणं एकाच वेळी. मी खुर्चीतून उठू शकत होते. उठले नाही. कारण त्या फोटोंमध्ये पुढे कुठंतरी माझ्या आईचा फोटो होता, आणि तो कॅलेंडरवर यावा अशी माझी फार इच्छा होती.

तो फोटो मी का पाठवला ते सांगते.

माझी आई पेणमध्ये पापड लाटायला जायची. मी शाळेत होते तेव्हापासून. ज्या काकूंकडे ती लाटायची, त्यांच्या पापडाच्या पाकिटावर एका बाईचं चित्र होतं. गोरी, नऊवारीतली, नाकात नथ, हातात लाटणं. आईचे पापड त्या बाईच्या चेहऱ्याखाली पुण्या-मुंबईला जायचे. काकूंनी आईला सांगून ठेवलं होतं, "गिऱ्हाईक आलं की मागच्या पडवीत जाऊन बस हं." आई जायची. गिऱ्हाईक गेलं की परत पुढे येऊन लाटायला बसायची. मी एकदा शाळेतून थेट तिकडे गेले होते. आई पडवीत भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी हाक मारली तर तिनं ओठांवर बोट ठेवलं. पुढच्या खोलीत काकू कुणाला तरी सांगत होत्या, "सगळं आमच्या घरच्या हातचं आहे."

ते पाकीट अजूनही दुकानात दिसतं.

म्हणून मला आईचा चेहरा छापून यायला हवा होता. खाली तिचं पूर्ण नाव. बस, एवढंच.

एका रविवारी आई जमिनीवर बसून डाळिंब्या सोलत होती. मोड आलेले वाल कोमट पाण्यातून काढायचे आणि अंगठ्यानं हलकेच दाबायचे, की डाळिंबी सालातून सुटून येते. जोर जास्त झाला तर दोन तुकडे होतात. आईच्या हातून होत नाहीत. पुढ्यात पितळेची परात, चिंचेनं घासून लखलखीत केलेली. खिडकीतून ऊन आलं होतं. मी मोबाईलवर फोटो काढला.

"माझा कशाला गो?" आई म्हणाली. "तोंड पण धुतलेलं नाय."

फोटोत तिचा चेहरा खाली झुकलेला, अर्धाच दिसत होता. पण हात दिसत होते. मी तिच्याच मोबाईलवरून, तिच्या नावानं पाठवून दिला. त्यानंतर रोज संध्याकाळी मी दारात चप्पल काढायच्या आत प्रश्न. "काय गो, आला का माझा नंबर?" मी म्हणायचे, अजून निवड व्हायची आहे. तिला ते पटायचं नाही. नागोठण्याच्या मावशीला फोन करून तिनं सांगूनही टाकलं, "कॅलेंडरवर येणार हाय मी. आख्खा महिना भिंतीवर."

प्रेसमध्ये हे कुणाला माहीत नव्हतं. तिथं माझ्याबद्दल कुणालाच काही माहीत नव्हतं. मी ते होऊच दिलं नव्हतं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काही कळत नाही. मी इंग्रजी माध्यमात शिकलेली. बाबांनी कंपनीत डबल शिफ्ट करून शिकवलेली. इंग्रजीचा मला एक फायदा फार लवकर कळला होता. इंग्रजी बोलायला लागलं की लोक पुढचे प्रश्न विचारत नाहीत. थोडे बिचकतात. मॅडमनी मात्र पहिल्या भेटीत विचारलं होतं. "मूळ गाव कुठलं तुझं?" कासूच्या बाजूचं, मी म्हणाले. "म्हणजे तुम्ही कोण?" आम्ही पेणलाच राहतो, मी म्हणाले. त्या हसल्या होत्या. पुढं त्यांनी मनाशी काहीतरी धरून टाकलं. मला त्या 'आपली मुलगी' म्हणायच्या.

आईचा फोटो आला तेव्हा मॅडम वडा तोडत होत्या. त्या थांबल्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "हे बघा. याला म्हणतात घर."

मी खुर्ची पुढे ओढली.

"डाळिंब्या बघ कुंदा. एक तरी मोडलीय का? हे वालाचं बिरडं असं फक्त आपल्याच घरांत होतं. पिढ्यान् पिढ्यांचं वळण लागतं त्याला. परात बघ. पितळ वापरतंय कोण आता?"

"आणि ओटा असून खाली बसून सोलतायत," कुंदाताई म्हणाल्या. "सोवळ्यातल्या असतील."

"माझ्या आत्याकडे अगदी असंच. मला तर तोंडाला पाणी सुटलं." मॅडमनी पुढे वाकून स्क्रीनवर बोट ठेवलं. आईच्या मनगटावर. बोट उचललं तेव्हा तिथं तेलाचा गोल डाग राहिला. "भाऊ, हा मार्चला घ्या. ठरलं. मोठा करून दाखव गं जरा, छापायला फुटणार नाही ना?"

मी फोटो मोठा केला. वरच्या बाजूनं. स्क्रीनवर मसाल्यांची फळी आली. फळीच्या वर, कोपऱ्यात, आमची तसबीर. निळा कोट, चष्मा, गळ्यात कागदी फुलांचा हार. शेजारी पंचशीलाचं छोटं निशाण.

कुंदाताईंचा वडा तोंडाजवळच राहिला. 

"अय्या," कुंदाताई म्हणाल्या.

मॅडम मागे सरकून बसल्या. हातातला अर्धा वडा त्यांनी प्लेटमध्ये ठेवला आणि रुमालानं बोटं पुसली. एकेक बोट. जणू त्या डाळिंब्या त्यांनी खाऊन टाकल्या होत्या आणि आत्ता कळलं होतं कुठून आल्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मघाशी सुटलेलं पाणी त्यांनी गिळलं. ते गिळणं मला दिसलं. माणसाचा गळा इतका घाणेरडा दिसू शकतो हे मला माहीत नव्हतं.

"मग ही परात कुणाच्या घरून आली असेल?" त्या म्हणाल्या.

"घासायला जात असेल कुठंतरी," कुंदाताई म्हणाल्या. "फोटोपुरती आणली असेल मागून."

"मागून?" मॅडम म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

तोच फोटो. तेच हात. त्याच डाळिंब्या, एकही मोडलेली नाही. मघाशी पिढ्यान् पिढ्यांचं वळण होतं. आता चोरी होती.

"काढून टाकू का मग?" भाऊंनी विचारलं.

"छे, छे. फोटो सुंदर आहे. तो सोडायचा नाही." मॅडम माझ्याकडे वळल्या. आवाज एकदम मऊ. "तू असं कर. तेवढा कोपरा पुसून टाक. साधी भिंत कर, नाहीतर एखादा बाळकृष्ण टाक तिथं. जमेल ना तुला? तू हुशार आहेस."

"आणि नाव?" भाऊ म्हणाले. "नावं छापायची ना सगळ्यांची?"

"हिच्या खाली नुसतं 'पेणचं पारंपरिक बिरडं' टाका."

माझा हात माऊसवर होता. कॉम्प्युटरवर भिंत पुसणं अगदी सोपं असतं. शेजारचा रंग उचलायचा आणि वरून फिरवायचा. ते काम मी रोज करायचे. नवरीच्या चेहऱ्यावरचे डाग, पुढाऱ्याच्या मागची गर्दी, काय काय पुसलं होतं. आणि आता ही तीन माणसं माझ्याभोवती बसून वाट बघत होती, की मी माझ्याच घराची भिंत पुसेन. त्या घरातली बाई परत पडवीत भिंतीकडे तोंड करून बसेल आणि तिला तिथं बसवणारी मी असेन.

मला बोलता येईना. चार माणसांत मला कधीच बोलता येत नाही. शाळेतही नाही, कॉलेजातही नाही.  पण हात हलत होता.

मी कोपऱ्यावरून फोटो खाली सरकवला. आईच्या कपाळावरून, हातांवरून, परातीच्या काठापर्यंत. आणि तो काठ मोठा केला. आणखी मोठा. पूर्ण स्क्रीनभर.

आमच्याकडे नवं भांडं घेतलं की त्यावर नाव घालतात. सगळीकडेच घालतात. ती परात आईनं पापड लाटून साठवलेल्या पैशांतून पेणच्या बाजारात घेतली होती. दुकानदारानं विचारलं, "काय घालू?" आईनं सांगितलं, सगळं घाला. तिला तिचं नाव कशावर तरी पूर्ण हवं होतं. मशीननं पितळेत टिंबाटिंबांची अक्षरं उठली होती. उन्हामुळे ती फोटोत स्वच्छ दिसत होती.

भाऊंनी चष्मा सरळ करून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. आईचं नाव. बाबांचं नाव. आडनावापाशी ते अडखळले. वाचलं नाही. माझ्याकडे बघितलं.

"ही माझी आई आहे," मी म्हणाले. "परात तिची आहे."

भाऊंनी चष्मा काढून हातात घेतला. मग भाऊ म्हणाले, "अगं, मग आधी नाही का सांगायचं?"

आधी सांगितलं असतं तर काय झालं असतं? तोंडावर बोलले नसते, एवढंच.

"हे बघ," मॅडम म्हणाल्या, "आम्ही काही तुझ्याबद्दल बोललो नाही. तू वेगळी आहेस. खरं सांगते, तुझ्याकडे बघून वाटतसुद्धा नाही."

"काय वाटत नाही?"

मॅडम रुमालाची घडी घालत राहिल्या. कुंदाताई प्लेटा गोळा करायला लागल्या.

"मनाला लावून घेऊ नकोस. आम्ही काही मानत नाही हं," मॅडम म्हणाल्या.

"मग कोपरा राहू दे."

"अगं, कॅलेंडर लोक देवघराच्या बाजूला लावतात. वर्षभर समोर दिसणार ते. लोकांना नाही आवडत. समजून घे ना तू. शिकलेली आहेस."

आता ते बाहेर आलं होतं. सगळं सोलून, स्वच्छ. आईचे हात चालतील. तिचं बिरडं चालेल, डोळे मिटून चाखायला. तिची भिंत नको, तिचं नाव नको.

"पूर्ण छापा," मी म्हणाले. "नावासकट. नाहीतर छापू नका. पुसायचा नाही."

"तू आम्हाला सांगणार?" मॅडम म्हणाल्या. मऊ आवाज गेला होता. माझ्या ओळखीच्या त्या बाईच्या आत ही दुसरी बाई बसलेली होती. तिला बाहेर यायला एक वाक्य पुरलं.

"जा तू, जरा तोंडावर पाणी मार," भाऊ म्हणाले आणि त्यांनी माऊसकडे हात नेला. "मी करतो तेवढं."

मी माऊस सोडला नाही. "भाऊ, फोटो मी काढलाय. आईचा आहे. कोपरा पुसून छापलात तर कॅलेंडरच्या प्रकाशनाला मी आईला घेऊन येईन. परात घेऊन येईन. आणि सगळ्यांसमोर ते नाव वाचायला सांगेन तुम्हाला."

माझा आवाज चढला होता. मला त्याची लाज वाटली नाही.

मॅडमनी पर्स उचलली. "काढून टाका हो तो. कशाला कटकट. यांच्या वाटेला जायलाच नको." तोंड फिरवून, पण मला ऐकू येईल असं. यांच्या. सकाळपर्यंत मी आपली मुलगी होते.

मी त्यांच्यादेखत फोटो काढून टाकला, माझा डबा घेतला आणि निघाले. रोहा स्टेशनच्या नळावर मला उलटी झाली. सकाळपासून मी त्यांचा घोटभर चहाही घेतला नव्हता, तरी झाली. जणू मला त्यांची ती तोंडं बाहेर टाकायची होती.

भरदुपारी मला दारात बघून आईनं ओळखलं.

"नाय आला ना?"

"नाही."

"जाऊ दे गो. दुसरीचं चांगलं असंल."

तिला तसं वाटायला नको होतं. म्हणून सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "पुसला असता तेवढा. आपल्या घरातला थोडाच पुसला जाणार व्हता? माझं नाव तरी आलं असतं."

"नाव पण नव्हते टाकणार."

आई पदरानं हात पुसायला लागली. परातीचं मी सांगणार नव्हते, पण तोंडातून गेलं.

"माझी परात?" ती उठून उभी राहिली. "मागून आणलेली बोलली?"

"हो."

"पापड लाटून लाटून खांदा गेला माझा. आणि ही बाई बोलते मागून आणली?" ती खोलीत इकडून तिकडे फिरायला लागली. "माझ्या दारात येऊ दे तिला. पाणी पण देणार नाय." थोडं थांबून म्हणाली, "नाय, देईन. पाणी देईन. पण त्या परातीतनं देईन. बोलेन, नाव वाचत वाचत पी."

मला हसू आलं. तिला नाही आलं. तिचे डोळे कोरडे होते, आणि पापडवाल्या काकूंकडे ती दुसऱ्या दिवशी गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. काकूंचा फोन आला तेव्हा तिनं एवढंच सांगितलं, "गिऱ्हाईकासमोर बसून लाटीन. मागं नाय जायची." काकू म्हणाल्या, बघते. त्यांनी अजून बघितलेलं नाही.

कॅलेंडर निघालं. मार्चला दुसऱ्या कुणाचं तरी बिरडं आहे. कातकरीण नाही, वरणभातवाली देगची नाही. सगळी स्वयंपाकघरं एकाच घरातली वाटतात. ते कॅलेंडर आमच्या ओळखीच्या पुष्कळ घरांत लागलंय. लोक म्हणतात, छान काढलंय.

मला पेणमध्येच दुसरं काम मिळालं. पहिल्या दिवशी तिथल्या साहेबांनी विचारलं, "मूळ गाव कुठलं?" मी गाव सांगितलं. ते पुढचा प्रश्न जुळवत होते. मला तो चेहरा आता लांबून ओळखता येतो. मी त्यांना जुळवू दिला नाही.

"आम्ही बौद्ध," मी म्हणाले. "आधीचे महार. तेच विचारायचं होतं ना?"

"छे, छे, सहज विचारलं," ते गडबडीनं म्हणाले. आणि मग, माझ्यावर उपकार करावेत तसं हसून, "खरं म्हणजे, वाटत नाही."

हे वाक्य मी लहानपणापासून कमवत आले होते. इंग्रजीनं, गप्प बसून, आडनावाच्या आड उभी राहून. आता ते ऐकलं की मला पुसलेली भिंत दिसते.

"वाटलं पाहिजे, सर," मी म्हणाले. "तुमची काहीतरी चूक होतेय. नीट बघा."

त्यांनी मान खाली घातली आणि कागद चाळायला लागले. मी समोर उभी राहिले. यापुढे मी अशीच उभी राहणार आहे, बघणाऱ्याला पहिल्या नजरेत वाटेल अशी. वाटल्यावर ज्यांचा घास अडतो, त्यांचा अडू दे.